दिवे लागल्यावर



गेल्या पावसाळ्यात आम्ही एका वाडीवर सिनेमा दाखवायला गेलो होतो. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली होती, शाळेकडून प्रोजेक्टर मागून आणला होता, खाली सतरंज्या अंथरल्या होत्या. तीस-पस्तीस जणी आल्या. कुणी लेकरू घेऊन आली, कुणी निवडायची मेथी घेऊन. सिनेमा संपला, दिवे लागले आणि कुणीच बोलेना. "कसा वाटला?" आम्ही विचारलं. "चांगला होता," एवढंच उत्तर आलं. मग मागं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "त्या पोरीनं पहिल्या दिशीच आईला सांगाय पायजे हुतं."

शेजारची लगेच म्हणाली, "सांगून काय झालं असतं आजी? आईनं माघारीच धाडली असती."

"का म्हणून धाडंल?"

"आमच्या आईनं नव्हती का धाडली..." एवढं बोलून ती थांबली. पण तोवर बाकीच्यांची तोंडं उघडली होती. पुढचा पाऊण तास आम्हाला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

कुठल्या घरात बाईला मार बसतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यावर कुणी बोलत नाही. आपल्या घरचं सांगावं तर घराची अब्रू जाते, दुसरीचं सांगावं तर ती चुगली ठरते. सिनेमातल्या बाईबद्दल मात्र बोलता येतं. ती कुणाची सून नसते, कुणाच्या भावकीतली नसते. तिच्यावरून बोलणं निघतं आणि हळूहळू आपल्यावर येतं. ही रीत आम्ही शोधून काढलेली नाही. ती कुठून आली, कुणी घडवली आणि ती वापरताना आमचं काय चुकलं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात सिनेमाच्याही आधी, नाटकापासून करावी लागते. गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आलं. पैशासाठी कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायची, हा त्याचा विषय. मराठी माणसाच्या मनात ते नाटक इतकं बसलं की पुढं १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, तेव्हा आपल्याकडं त्याला शारदा कायदाच म्हणू लागले. खरं तर तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून ओळखला जाई. पण लोकांना त्या नावात नाटकातली मुलगीच ऐकू आली.

कायदा झाला म्हणून असली लग्नं थांबली नाहीत. १९३७ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनं 'कुंकू' काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक होते आणि कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची होती. नीरा नावाच्या मुलीला फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी तिचं लग्न लावून दिलं जातं. नीरा सासरी येते, पण हे लग्न मानत नाही. नवऱ्याला ती जवळ येऊ देत नाही. त्याचा मोठा मुलगा तिच्याशी नको तसं वागायला जातो, तेव्हा ती हातात छडी घेऊन त्याला झोडपून काढते. नीराचं काम शांता आपटे यांनी केलं आणि म्हाताऱ्या नवऱ्याचं केशवराव दाते यांनी. म्हाताऱ्याच्या विधवा मुलीच्या कामात शकुंतला परांजपे होत्या. संततिनियमनाच्या कामामुळं पुढं ज्यांचं नाव झालं, त्याच या. हाच सिनेमा हिंदीत 'दुनिया न माने' या नावानं निघाला.

मैत्रिणींनो, साल लक्षात घ्या, १९३७. लग्नाच्या नवऱ्यालाही बाई नाही म्हणू शकते, हे तेव्हा पडद्यावर दाखवलं गेलं. आजही आपल्या बैठकीत हा विषय निघाला की आवाज खाली जातो. पण थिएटरातून बाहेर पडलं की ज्याची त्याची वाट. नीरानं केलं ते बरोबर की चूक, हे बायांनी एका ठिकाणी बसून, एकमेकींचं ऐकून बोलायचं, ही गोष्ट पुढं बऱ्याच वर्षांनी सुरू झाली.

ती सुरू व्हायला एक मोठा धक्का लागला. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयानं पोलिसांना शिक्षा दिली, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहून विचारलं की घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती होते का. १९८० साली मुंबईत आणि इतर शहरांत बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी सासरच्या छळाविरुद्धचं ४९८अ हे कलम आलं.

कायदा दिल्लीत झाला. तो आपल्यासाठी आहे, हे बाईला कळायचं कसं? वर्तमानपत्र तिच्या हातात येत नव्हतं, सभेला तिला कुणी सोडत नव्हतं. मग बायकांच्या संघटनांनी गाणी बांधली, पोस्टरची प्रदर्शनं गावोगाव नेली, नाटकं बसवली. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ सालचंच. चौकात, चाळीत, शाळेच्या पटांगणात, जागा मिळेल तिथं त्याचे प्रयोग झाले.

याच सुमारास काही जणींनी कॅमेरा हातात घेतला. बंगळुरात १९८० साली 'युगांतर' नावाचा गट तयार झाला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरा सांभाळणारे नवरोज कॉन्ट्रॅक्टर हे त्यातले. त्यांचा पहिला लघुपट आपल्या पुण्यातला आहे. धुण्याभांड्याचं काम करणाऱ्या पुण्यातल्या बायांनी १९८० साली संप केला आणि आपली संघटना बांधली. त्यावर १९८१ साली 'मोलकरीण' तयार झाला. पुढच्या वर्षी ही मंडळी निपाणीला गेली आणि तिथल्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायांवर त्यांनी लघुपट केला. दोन्ही लघुपटांत कामकरी बाया स्वतः पडद्यावर आहेत, स्वतःच्या तोंडानं बोलताहेत.

तिसऱ्या वेळी गट हैदराबादला गेला. तिथल्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर त्यांना घरातल्या हिंसेवर काम करायचं होतं. १९८३ साली तेलुगूत जो लघुपट तयार झाला त्याचं नाव 'इदी कथा मात्रमेना'. मराठीत सांगायचं तर, ही नुसतीच गोष्ट आहे का? जेमतेम पंचवीस मिनिटांचा. घरात होणारा छळ, त्यातलं एकटेपण, बाईचं मनानं खचत जाणं, हे त्यात आहे. यावेळी त्यांनी खऱ्या बाईची मुलाखत घेतली नाही. संघटनेतल्या बायांशी बोलून, त्यांना बरोबर घेऊन, त्यांनी एक गोष्ट रचली.

हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. पगारवाढ मागणारी बाई कॅमेऱ्यासमोर बोलते तेव्हा तिच्या मागं संघटना असते. नवरा मारतो म्हणून सांगणारी बाई बोलून झाल्यावर एकटीच घरी जाते, आणि ज्याच्याबद्दल बोलली तो त्याच घरात असतो. तिला गोष्टीचा आडोसा पाहिजे. पडद्यावर कुणी ललिता-कमला असते, तिचं दुःख सगळ्या जणी बघतात आणि आपलं कुठलं, तिचं कुठलं, हे ज्या त्या बाईच्या मनात राहतं. शेवटी सिनेमाच विचारतो, ही नुसतीच गोष्ट आहे का? उत्तर मोठ्यानं द्यायचं की मनातल्या मनात, हे बाईनं ठरवायचं.

त्याच काळात, १९८२ साली, मराठीत 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून जब्बार पटेलांनी तो केला. स्मिता पाटलांची सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक होते. टाकून दिलेल्या, छळलेल्या, वापरून सोडलेल्या बाया तिथं आहेत आणि त्यांना पुन्हा वापरायला टपलेली मोठी माणसंही आहेत. सुलभा नोकरी सोडून घरी परतते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा उंबरठा ओलांडते. आमच्यातल्या ज्या तेव्हा कॉलेजात होत्या, त्यांच्या मनात या सिनेमावरून घरोघर झालेले वाद आहेत. सुलभानं मुलीला सोडून जायला नको होतं, असं सासू म्हणायची, आणि नवऱ्यानं काय केलं ते कुणीच का बोलत नाही, असं सून म्हणायची. आपल्या सासूसमोर सुनेला एवढं बोलता आलं, ते सुलभाच्या नावानं.

पण खेड्यापाड्यात गाजला तो 'माहेरची साडी'. १९९१ सालचा विजय कोंडके यांचा हा सिनेमा, अलका कुबल यांची लक्ष्मी. आमच्यातल्या थोरल्या जणींनी तो जत्रेत, तंबूत पाहिला. बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मधे कनात. बायांच्या अंगानं नुसते हुंदके यायचे. परत जाताना त्या म्हणायच्या, "केवढं सोसलं गं बाई तिनं!" या रडण्याला आम्ही हसत नाही. घरी रडायची सोय नव्हती, ती तंबूत मिळाली. लक्ष्मीच्या निमित्तानं कितीजणी आपलंच रडून घेत होत्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण डोळे पुसले की सोसणारी ती चांगली, हेच मनात घेऊन बाया घरी जात होत्या.

तोच सिनेमा काही वर्षांपूर्वी आम्ही एका बचत गटात पुन्हा लावला. यावेळी दिवे लागल्यावर एकच प्रश्न विचारला, "ती सोसत होती तेव्हा त्या घरातली बाकीची माणसं काय करत होती?" बायांनी एकेकाचं नाव घेऊन हिशेब मांडला. कोण बघत होतं, कोण ऐकून न ऐकल्यासारखं करत होतं, कुणाला थांबवता आलं असतं. एक जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजे मी बी बघतच हुते की." सिनेमा तोच होता. मागं तंबूत दिवे लागले की बाया उठून गेल्या होत्या. आता त्या बसून राहिल्या.

२००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून बाईला संरक्षण देणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. हिंसा म्हणजे नुसती मारहाण नव्हे, हे या कायद्यात लिहिलेलं आहे. शिव्या, टोमणे, अपमान, जबरदस्तीचा संबंध, घरखर्चाला पैसे न देणं, तिचा पगार किंवा दागिना काढून घेणं, हे सगळं त्यात येतं. राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही. पण कायद्याची कलमं वाचून दाखवली की बाया जांभया देतात. सिनेमातला एखादा प्रसंग दाखवून "ही हिंसा आहे का?" असं विचारलं की भांडणं लागतात, आणि आम्हाला ती हवी असतात.

मुलांच्या बैठकीत आम्ही 'सैराट'मधला एक तुकडा लावतो. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०१६ सालचा. त्याचा शेवट सगळ्यांना पाठ आहे. भावानं आणि भावकीनं काय केलं, यावर पोरं पटकन बोलतात, "लई वाईट केलं." आम्ही थांबतो ते त्याआधी, हैदराबादेत, जिथं संशयावरून परश्या आर्चीवर हात उचलतो. इथं पोरं अडखळतात. परश्या त्यांचा लाडका आहे. "रागाच्या भरात झालं," कुणीतरी म्हणतं. मग दुसरा विचारतो, "मग तिच्या भावाला पण रागच आला हुता की." असं एक वाक्य पोराच्या तोंडून आलं की आमच्या तासाभराच्या भाषणाची गरज उरत नाही. २०२० साली आलेला हिंदी 'थप्पड' तर याच एका प्रश्नावर उभा आहे. एकदाच मारलं, तर चालतं का?

आता आमच्या चुकीबद्दल.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. सिनेमा दाखवला, बैठक मिसळीची होती, दारात चार-पाच पोरं उभी होती. दिवे लागल्यावर आम्ही उत्साहाच्या भरात सरळ विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आहे का?" एक तरुण सून उठली. जेवणाचं ताट फेकल्याचं तिनं सांगितलं, उलथन्यानं मारल्याचं सांगितलं, हातावरचा डाग दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. कार्यक्रम फार चांगला झाला, असं आम्ही वहीत लिहून ठेवलं.

ती घरी पोचायच्या आधी तिचं बोलणं घरी पोचलं होतं. त्या रात्री तिला मारलं, मोबाइल काढून घेतला. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. आम्ही गेलो तर दार उघडलं नाही. महिन्याभरानं तिचे मामा येऊन तिला घेऊन गेले आणि तिथून पुढं तिला मदत मिळाली. ती सुखरूप आहे, एवढंच सांगतो. पण तो महिना तिनं काढला तो आमच्या प्रश्नामुळं, आणि त्या टाळ्यांमुळं.

वहीतलं ते पान आम्ही फाडलं नाही. त्याच्याखाली काय काय चुकलं ते लिहिलं. हैदराबादच्या त्या मंडळींनी १९८३ साली बाईला गोष्टीचा आडोसा दिला होता. आम्ही तो आमच्या हातानं ओढून काढला होता.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. तुमच्या गटात कुणी सिनेमा दाखवणार असेल तर तुम्हीही पाळा. पहिली बैठक फक्त बायांची, पुरुषांची वेगळी, आणि दोन्हीकडं दार लावून घ्यायचं. प्रश्न विचारायचा तो सिनेमातल्या बाईबद्दल. तुमच्या घरी काय, हे कधीही विचारायचं नाही. कुणी आपलं सांगायला लागलीच तर तिला चारचौघीत खोदायचं नाही, नंतर बाजूला भेटायचं. इथं बोललेलं बाहेर न्यायचं नाही, हे सुरुवातीलाच सगळ्यांकडून वदवून घ्यायचं, आणि तरीही ते बाहेर जाईल असं धरूनच चालायचं. फोटो काढायचे नाहीत. सिनेमा लावायच्या आधी तालुक्याचा संरक्षण अधिकारी कुठं बसतो, जवळचं समुपदेशन केंद्र कोणतं, हे आपण स्वतः जाऊन बघून यायचं. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२, हे दोन नंबर बैठकीत सगळ्यांनाच सांगायचे, म्हणजे कुणाला लागले ते कळत नाही. आणि शेवटचं, सगळं आवरून झाल्यावर आपल्यापैकी दोघींनी मागं रेंगाळायचं. जिला बोलायचं असतं ती बहुधा तेव्हा बोलते.

सुरुवातीला सांगितलेल्या वाडीवरही तसंच झालं. "आमच्या आईनं नव्हती का धाडली," म्हणून जी थांबली होती, तिला आम्ही पुढं काही विचारलं नाही. बैठक उठली, बाया गेल्या. ती मात्र सतरंजी गुंडाळायला मागं राहिली. एक टोक तिच्या हातात, एक आमच्या. घडी घालता घालता तिनं विचारलं, "ताई, ते संरक्षण अधिकारी म्हणालात, त्यांच्याकडं जायाचं तर कुठल्या वारी जावं?"

बाजारच्या दिवशी या, आम्ही सांगितलं, म्हणजे तालुक्याला का गेलीस असं कुणी विचारणार नाही. पत्ता सांगितला, नाव विचारलं नाही. तिनं सतरंजी कोपऱ्यात ठेवली, मेथीची पिशवी उचलली आणि ती गेली.